मागची बाजू नसलेली इमारत

विमल,

तुझी बातमी आली तेव्हा हॉलमध्ये दहावीच्या मुलींचा सराव-पेपर चालू होता. ऑफिसातला शिपाई दारात येऊन उभा राहिला. हातात तार होती, आणि मला कळलं. तार वाचून मी तिची घडी कमरेला खोचली आणि पेपर संपेपर्यंत मुलींच्या रांगांमधून फिरत राहिले. सांगितलं असतं तर मुलींनी पेनं खाली ठेवली असती, आणि ते तुला आवडलं नसतं.

मध्येच मी वर पाहिलं. भिंती संपतात आणि छत सुरू होतं, त्यांच्यामध्ये तू जी मोकळी पट्टी ठेवलीस, तिच्यातून ऊन आत आलं होतं. मुलींच्या हातांवर, शाईच्या डागांवर, ओढण्यांवर पडलं होतं. इतकी वर्षं मी ते रोज बघत आले. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की हे ऊन इथे आपोआप येत नाही, कुणीतरी त्याला वाट काढून दिली आहे. मग घंटा झाली आणि मी पेपर गोळा केले.

तू कुठे शिकलीस, कुठे कुठे काय बांधलंस, ते पेपरवाले लिहितील, नाहीतर लिहिणार नाहीत. मला आपल्या आवाराबद्दल बोलायचं आहे. ते तुझ्याशीच बोलता येतं.

महाडच्या वेशीवरचं हे वसतिगृह. मुलांची लांबच लांब कौलारू इमारत, समोर मुलींची तशीच, मधे मैदान. एका कोपऱ्यात विहीर आणि स्वयंपाकघर, दुसऱ्या कोपऱ्यात छोटंसं विहार आणि फणसाचं झाड. आपण दोघी इथेच शेजारी शेजारी चटया टाकून वाढलो. तू पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतली, मी खाडीकडची. पुढे तू मुंबईला जाऊन आर्किटेक्ट झालीस, आणि मी इथेच शिक्षिका होऊन मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक झाले. आवार तेच राहिलं. परीक्षा आल्या की मुलं जागा शोधत फिरायची. कुणी विहिरीच्या काठावर, कुणी चुलीजवळ, कुणी विहाराच्या पायरीवर.

आणीबाणी उठली त्या सुमारास वसतिगृह चालवणाऱ्या मंडळाने ठरवलं की आवारात एक नवी इमारत बांधायची. त्या एकाच इमारतीने सगळं करायचं होतं. अभ्यासिका व्हायचं, सभागृह व्हायचं, शिवणवर्ग चालवायचा, उन्हाळ्यात लग्नं लावायची, आणि मार्चमध्ये चवदार तळ्यावर लांबून येणाऱ्या लोकांना पाठ टेकायला जागा द्यायची. आपले अध्यक्ष अण्णा, निवृत्त पोस्टमास्तर, 'बहुउद्देशीय' हा शब्द प्रत्येक बैठकीत सावकाश, चवीने उच्चारायचे. बाहेरचा कुणी आणायची गोष्ट निघाली तेव्हा तेच म्हणाले, "आपल्या आवारातली पोर आर्किटेक्ट आहे. तिला बोलवा."

तू आलीस आणि काहीच केलं नाहीस. सकाळी फणसाखाली बसायचीस, दुपारी मुलींच्या ओसरीवर, संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी. बघत असायचीस. अण्णांचा धीर सुटला.

"बाई, नकाशा कधी काढणार?"

"काढतेय की, अण्णा."

"कुठे? कागद तर कोरा दिसतोय."

तू मैदानाकडे बोट केलंस. मीही पाहिलं. मुलांच्या पायांनी गवतात वाटा पडल्या होत्या. विहिरीकडून विहाराकडे, स्वयंपाकघराकडून फाटकाकडे, आपल्या ओसरीकडून फणसाकडे. लहानपणापासून मी त्या वाटांवरून चालत होते, पण त्या सगळ्या एका ठिकाणी एकमेकींना छेदतात हे तू दाखवेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. तू म्हणालीस, "इथे."

बैठकीत केवढा गोंधळ झाला! इमारत रस्त्यालगत हवी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसली पाहिजे, असा सगळ्यांचा आग्रह. कुणाला कमान हवी होती, कुणाला वर घुमट. तू ओसरीवर नकाशा पसरलास आणि चार कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवलेस.

"रस्त्यावरून दिसून काय करायचं? आवारातल्या माणसाच्या वाटेत आली पाहिजे."

"बरं, पण हिचं तोंड कुठे आहे?" अण्णांनी विचारलं. "पुढची बाजू कुठली?"

"चारही."

"आणि मागची?"

"नाही ठेवली."

अण्णा नकाशावर वाकले. त्यांचं बोट बरोब्बर मधल्या गोलावर थांबलं. "हे काय?"

"पाणी. बुटका ओटा, त्यावर टाकी, चारही बाजूंना नळ."

"हॉलच्या मधोमध? अगं, पाण्याची जागा मागे असते. परसात. स्वयंपाकघराकडे."

"कुणाच्या मागे, अण्णा?"

तू हे मोठ्याने म्हणाली नव्हतीस. नेहमीच्याच आवाजात म्हणालीस, कपातला चहा सांडू नये म्हणून कप सरकवत. अण्णांचे वडील त्या सत्याग्रहाच्या दिवशी तळ्याच्या काठावर होते. ओंजळ वर करून ते कसे प्यायले, हे अण्णा आम्हाला दरवर्षी सांगायचे. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "फरशी ओली होईल. पोरं घसरतील."

"उतार दिलाय. पाणी खालून निघून जाईल."

"मग राहू दे मधोमध," अण्णा म्हणाले, आणि उठून विहाराकडे चालत गेले.

बांधकाम सुरू झालं. जांभ्याच्या भिंती, वर काँक्रीटचं छत. स्लॅबच्या दिवशी आसपासच्या वाड्यांमधल्या बायका घमेली घेऊन आल्या, आपल्या मुली त्यांच्या ओळीत जाऊन उभ्या राहिल्या, आणि अण्णा किटली घेऊन सगळ्यांना चहा देत फिरले. पण मला आठवतो तो टेकू काढायचा दिवस.

इतके दिवस छताखाली बल्ल्या आणि फळ्यांचं रान माजलं होतं. कंत्राटदाराने सगळ्यांना लांब उभं केलं. तू मात्र आत, ओट्यावर बसून पेरू खात होतीस.

"बाई, बाहेर या! टेकू काढतोय."

"काढा की."

"अहो, पण तुम्ही खाली—"

"मीच तर काढलाय नकाशा. मी नाही बसायचं तर कोण बसणार?" आणि माझ्याकडे बघून, "सुलू, ये गो. पेरू गोड आहे."

मी आले ती धीट म्हणून नव्हे. तुला काही झालं तर मी बाहेर उभी राहून काय करणार होते, म्हणून आले. डोळे घट्ट मिटून तुझ्याशेजारी बसले. बल्ल्या पडत होत्या, माणसं ओरडत होती, नाकातोंडात धूळ जात होती. मग आवाज थांबला. तू माझ्या मांडीवर थाप मारलीस, "उघड आता."

मी वर पाहिलं. मधे एकही खांब नव्हता. एवढं मोठं छत डोक्यावर होतं आणि भिंतींना टेकलेलंही दिसत नव्हतं. त्या मोकळ्या पट्टीतून चारही बाजूंनी आकाश आत डोकावत होतं. ते ओझं कुठे गेलं, कोण उचलत होतं, तू मला मागाहून दोनतीनदा समजावलंस. मला समजलंही. पण त्या क्षणी मात्र एवढं वजन आपल्या डोक्यावर आहे आणि ते आपल्याला काही करत नाही, हे पटायलाच मला वेळ लागला. माझ्या चटईशेजारी झोपणारी, अंगावरचं पांघरूण ओढून घेणारी मुलगी, तिने हे डोक्यात आधी पाहिलं होतं. मला तुझी भीतीच वाटली, विमल. देवळात काहींना वाटत असेल तशी.

अण्णा आत आले. टोपी काढून हातात घेतली आणि मान वर करून गोल फिरले. "पोरी, हे तू केलंस?"

"सगळ्यांनी केलं, अण्णा."

त्यांनी टोपी पुन्हा घातली. मग भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "बरं, प्लास्टर कधी?"

"नाही करायचं. असंच राहणार."

ते महिनाभर तुझ्याशी बोलले नाहीत.

त्याच दिवसांत तू आणि मी महाडजवळच्या सव गावी गेलो होतो, गरम कुंडांवर. पाण्यात पाय सोडून बसलो. आपलं ते भांडण तिथे झालं, आणि ते मिटलं नाही. मला मुलींसाठी वेगळं दार हवं होतं. तू दिलं नाहीस. मग मी ठरवलं होतं की मुलांच्या इमारतीकडे उघडणाऱ्या दाराला संध्याकाळनंतर कुलूप लावायचं.

"कुलूप कशाला?" तू विचारलंस.

"मुलींसाठी."

"त्यांना आत ठेवायला, की कुणाला बाहेर ठेवायला?"

"दोन्ही. तू नकाशा काढून मुंबईला जातेस. वाडीवरून पायी चालत येऊन पोरीचा हात माझ्या हातात देणारा बाप मला विचारतो, तुला नाही."

"आपल्या वेळी वसतिगृहाला होतंच की कुलूप. काय थांबलं त्याने?"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता सुचलं आहे. त्या कुलपामुळे कितीतरी बापांनी मुली इथे ठेवल्या, विमल. नाहीतर तुझ्यामाझ्यासारख्या मुलीही सातवीनंतर परत नेल्या असत्या. तू म्हणायचीस, आधी दार उघडा, मग विश्वास बसेल. मी म्हणत होते, आधी विश्वास बसू दे. अजूनही मला माझंच बरोबर वाटतं, आणि अजूनही रोज संध्याकाळी किल्ली फिरवताना मला तू कुंडाच्या काठावर बसलेली दिसतेस, ओल्या पायांनी, रागावलेली. तुला हे उत्तर दिलं असतं तर तू काय म्हणाली असतीस, हे कळायला मला फार आवडलं असतं.

हॉल वापरात आला आणि आम्हालाच तो नव्याने कळत गेला. घडीची दारं ओढली की तीन खोल्या, सरकवली की एकच मोठी जागा. एका टोकाला शिवणयंत्रं चालायची, दुसऱ्या टोकाला पाढे, आणि आवाज एकमेकांत शिरत नव्हते. पहिल्या मार्चमध्ये लोक आले, विदर्भातून, मराठवाड्यातून, बोचकी घेऊन, कडेवर लेकरं घेऊन. मी दारात उभी राहून म्हणत होते, आता नाही मावणार, आता नाही. आणि माणसं चारही दारांनी येत होती आणि मावत होती. एक म्हातारे गृहस्थ ओट्यावर पाणी प्यायले, तिथेच उभे राहिले आणि सभोवार बघत मला म्हणाले, "बाई, इथे कुठेही उभं राहिलं तरी आपण मधेच आहोत असं वाटतं." हे मी तुला कळवलं होतं. तू उत्तरात काहीच लिहिलं नाहीस त्याबद्दल. नळांचे वायसर बदलून घे, एवढंच लिहिलंस.

मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे ते भागीबाईंचं. तू त्यातलं थोडं पाहिलंस, सगळं नाही.

त्या वर्षी श्रावणात पोलादपूरच्या वरच्या एका वाडीमागचा डोंगर सुटला. माणसं आधीच बाहेर पडली होती म्हणून जिवंत राहिली. घरं गेली, गुरं गेली, लावलेला भात मातीखाली गेला. कचेरीतून माणूस विचारायला आला, हॉल मिळेल का. अण्णा त्याच्यावरच ओरडले, "हे विचारायला आलात? माणसं आणायची ना सरळ!"

ट्रक भरून माणसं आली. चिखलाने माखलेली, गप्प. आपल्या मुलींनी आपल्या चटया दिल्या, चुलीवर पेज चढली. ती माणसं आपल्यातली नव्हती, डोंगरातली शेतकरी कुटुंबं. आत आली, भिंतीकडेने बसली. त्यांच्यातली सगळ्यांत वयस्क बाई म्हणजे भागीबाई. ती मात्र हॉलच्या ओसरीवरच बसली. पागोळ्यांखाली तांब्या धरायची, भरला की प्यायची. मुलगा म्हणाला, "आये, आत चल, भिजतेस."

"हितंच बरी हाय मी."

मला कळत होतं. अण्णांनाही कळत होतं. महाडमध्ये पाण्याबद्दल बोलावं लागत नाही.

तिची सून ओली बाळंतीण होती, लेकराला पाजून पाजून घसा कोरडा पडलेला. ती उठली आणि सरळ ओट्यापाशी गेली. नळाखाली पेला धरला आणि प्यायली. पुन्हा भरला, पुन्हा प्यायली. हॉलमधले सगळे बघत होते, कारण तिथे न बघण्याची सोयच तू ठेवली नव्हतीस. पाणी परसात असतं तर सून चोरून प्यायली असती, आणि सासूने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं असतं, आणि जे होतं तसंच दोघींच्या मध्ये राहिलं असतं. इथे सगळं उघड्यावर होतं.

भागीबाई ओसरीवरून उठली. मला वाटलं, आता ही ओरडणार. ती उंबऱ्यातून आत आली, माणसांमधून वाट काढत ओट्यापाशी पोचली. सून पेला हातात धरून तशीच उभी, रडायच्या बेतात.

"येकटीच पितेस व्हय?" भागीबाई म्हणाली. "आन हिकडं."

तिने सुनेच्या हातातला पेला घेतला, स्वतः नळ सोडला आणि घटाघटा प्यायली. पदराने तोंड पुसलं. "गोड हाय पानी," एवढंच म्हणाली.

मी खांब शोधत होते, धरायला. पण तू एकही खांब ठेवला नव्हतास. शेवटी मी भिंतीला टेकले. अण्णा माझ्या पलीकडे तोंड फिरवून उभे होते.

दुसऱ्या दिवसापासून ओटा भागीबाईच्या ताब्यात गेला. नळ कुणी उघडा ठेवायचा नाही, पोरांनी पेला उष्टा करायचा नाही, ओट्यावर कपडे धुवायचे नाहीत. आपल्या मुलीही तिला टरकायच्या. मी अधीक्षक, पण माझीही ती गय करत नव्हती.

आणि मग तू आलीस. बातमी वाचून निघाली होतीस, एस.टी.तून उतरून भिजत आलीस. दारातच भागीबाईने तुला अडवलं.

"बाय, चपला भायेर काढ. मानसांचं घर हाय ह्ये."

मी लांबून बघत होते, पुढे धावले, सांगायला की अहो, ही कोण आहे माहीत आहे का. तू डोळ्यांनीच मला थांबवलंस. चपला काढल्यास. म्हणालीस, "येऊ का आत?"

"ये की. कुन्या गावची गो तू?"

तू वाडीचं नाव सांगितलंस.

"मंग आपल्याच आंगाची की! बस हितं. पानी पी आधी."

तिने तुला पाणी दिलं, विमल. तुझ्याच ओट्यावरचं, तुला पाहुणी समजून. तू दोन्ही हातांनी पेला धरलास. मग जाऊन भिंतीकडेला बसलीस, त्या माणसांमध्ये, दुपार उतरेपर्यंत. कुणी भात निवडत होतं, कुणी पोराला झोपवत होतं, घडीच्या दारावर ओले कपडे वाळत होते. तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं, त्याला मी काय नाव देऊ? तू जणू दुसऱ्याच कुणीतरी बांधलेली इमारत बघत होतीस आणि चकित होत होतीस. निघताना फाटकाशी मी म्हणाले, "सांगायचं होतंस तिला." तू म्हणालीस, "काय सांगणार? तिचंच घर आहे ते." आणि एस.टी. आली.

गेल्या महिन्यात मुंबईला हॉस्पिटलमध्ये तुला भेटले, तेव्हा तुला बोलायला त्रास होत होता. तरी विचारलंस, "कुलूप आहे अजून?" मी हो म्हणाले. तू उशीवर मान वळवलीस. हसलीस की रागावलीस, मला दिसलं नाही. मला तुला आणखी काहीतरी सांगायचं होतं. चाळीस मुलींची अधीक्षक, रोज भाषणं करणारी बाई मी, आणि मला एवढं म्हणता आलं नाही की तू जे केलंस ते माझ्या आयुष्यात मी पाहिलेलं सगळ्यांत मोठं काम आहे. मी तुझी चादर नीट केली आणि निघाले.

काल तुझी आई आली. गावी तुझ्या अस्थी घेऊन निघालेली, भाच्याला म्हणाली, महाडला गाडी थांबव. इतक्या वर्षांत ती एकदाही इथे आली नव्हती. तू बोलवायचीस आणि ती यायची नाही, हे मला तूच सांगितलं होतंस. कारण तिनेच काल सांगितलं, चारही बाजूंनी हॉलकडे बघून झाल्यावर.

"भांडायचो आम्ही, सुलू. मी म्हनायची, लोकांचीच घरं बांध तू. सोताला येक खोली नाय, नवरा नाय, पोर नाय. मी नाय येनार बघायला. म्हनून नाय आले."

मी तिचा हात धरून तिला आत नेलं. दुपारची वेळ होती, बाहेर ऊन तापलं होतं. ती मधे उभी राहिली. वर पाहिलं, पुष्कळ वेळ. मग अनवाणी पाय फरशीवर घासून बघितले, जसं नव्या सुनेने सारवलेली जमीन सासू बघते तसे.

"गार हाय गो," ती म्हणाली. "ती गेल्यापासनं डोळा लागला नाय माजा. जरा पडू का हितं?"

मी चटई आणायला वळले. परत येईतो ती जमिनीवरच आडवी झाली होती, डोक्याखाली हात घेऊन, पदर तोंडावर ओढून. मी चटई तशीच हातात धरून उभी राहिले. तिचा श्वास संथ होत गेला.

शिवणवर्गाच्या मुली दारात येऊन थांबल्या. मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी आतली हातयंत्रं उचलली आणि वसतिगृहाच्या ओसरीकडे चालू लागल्या, एक एक करून, पाय न वाजवता.